कार्ब्युरेटरच्या गाडीला ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टर: आधी मोजा, मग बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1798 सीसीची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, एसयू कंपनीच्या एचएस4 कार्ब्युरेटरची जोडी, इंजिन आतून कुणी छेडलेलं नाही. एअर क्लीनरचे मूळ डबे शाबूत आहेत, पण बोजड दिसतात आणि काम करताना आड येतात. ते काढून दोन कोन फिल्टर लावले की आठ-दहा हॉर्सपॉवर सहज वाढते, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलंय. तर फोमचे घ्यावेत, तेल लावलेले सुती घ्यावेत की चकचकीत जाळीवाले? आणि नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचं माप ठरवणारी निमुळती सुई, बदलावी लागेल का?

माझ्या मते फोम की सुती हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला हा, की सध्याचा फिल्टर इंजिनाचा श्वास खरंच अडवतोय का. दुसरा हा, की हवा कार्ब्युरेटरच्या तोंडाशी कुठून, किती गरम आणि कशा वळणाने येते. या दोन्हींचं उत्तर गाडीगणिक बदलतं. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचा आहे की बदललेला, हेड पोर्ट केलंय का, म्हणजे त्यातल्या हवेच्या वाटा मोकळ्या केल्यात का, गाडी धुळीच्या रस्त्यावर रोज पळते की पावसापाण्याचं बघून महिन्यातून एकदा निघते, बॉनेटखाली उष्णता किती साठते, यावर सगळं अवलंबून आहे. त्यामुळे ‘अमुक कंपनीचा अमुक फिल्टर घ्या’ असं मी सांगणार नाही. निवड कशी करायची तेवढं सांगतो.

आधी त्या आठ-दहा हॉर्सपॉवरचा निकाल लावू. तुमचं इंजिन नवं असताना 95 हॉर्सपॉवरच्या आसपास होतं. हवेचा नेहमीचा दाब सुमारे 101 किलोपास्कल. फिल्टरमधून जाताना हवेचा दाब 100 मिलिमीटर पाण्याइतका पडला, तर ते होतात जेमतेम 1 किलोपास्कल, म्हणजे एक टक्का. सिलिंडरमध्ये हवा साधारण तेवढीच कमी जाते आणि ताकदही तेवढीच घटते, म्हणजे एखादी हॉर्सपॉवर. आता उलटा हिशेब करा. नुसता फिल्टर बदलून दहा हॉर्सपॉवर मिळायची असेल, तर जुना फिल्टर मीटरभर पाण्याइतका दाब खात असला पाहिजे. असा फिल्टर असता तर एसयूवर ती गाडी धड चाललीच नसती. का, ते पुढे येईल.

तरीही फिल्टर बदलल्यावर ‘गाडी मोकळी झाली’ असं सांगणारे खूप भेटतात, आणि ते थापा मारत नसतात. गंमत फिल्टरपेक्षा मिक्श्चरमध्ये, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणात आहे. एसयूमध्ये पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे वरखाली होतो आणि जेटवरची, म्हणजे पेट्रोल जिथून येतं त्या भोकावरची ओढ जवळपास कायम ठेवतो. ही ओढ ढोबळमानाने 180 ते 200 मिलिमीटर पाण्याइतकी. पण एचएस4 ची फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठवणारी वाटी, फिल्टरच्या बाहेर, उघड्या हवेत श्वास घेते. म्हणजे पेट्रोलच्या डोक्यावर पूर्ण वातावरणाचा दाब, आणि जेटपाशी फिल्टरने आधीच थोडी कमी केलेली हवा. फिल्टर जितका दाब खाईल, तितकी ही ओढ वाढते. फिल्टरने 25 मिलिमीटर खाल्ले तर पेट्रोलवरची ओढ 190 ची 215 होते. पेट्रोलचा प्रवाह वर्गमुळाने वाढतो, म्हणजे मिक्श्चर सहा टक्क्यांच्या आसपास रिच (पेट्रोल जास्त). 25 मिलिमीटर ही काही मोठी अडचण नव्हे, ताकदीच्या हिशेबात ती पाव टक्काही खात नाही, पण मिक्श्चर मात्र चांगलंच हलवते. मीटरभर पाण्याच्या ओढीत काय झालं असतं याची कल्पना तुम्हीच करा: पेट्रोल दुपटीहून जास्त आणि प्लग काळेठिक्कर.

म्हणून होतं काय, की जुन्या गाडीचे जेट झिजलेले असतात, नीडल एका बाजूने घासलेली असते, फिल्टर धुळीने भरलेला असतो आणि इंजिन वर्षानुवर्षं रिच चाललेलं असतं. नवा मोकळा फिल्टर लावला की मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) होऊन योग्य जागी येतं, पिकअप सुधारतो आणि श्रेय जातं फिल्टरच्या डब्यावरच्या स्टिकरला. नवा कागदी फिल्टर टाकून जेटचा नट दोन फ्लॅट (एक फ्लॅट म्हणजे सहावा भाग फेरा) वर घेतला असता तरी बहुधा हेच झालं असतं. याची दुसरी बाजू त्रासदायक आहे. तुमचं मिक्श्चर आधीच नीट असेल, तर मोकळ्या फिल्टरने ते लीन होईल. सावकाश चालवताना कळणार नाही. पण चढावर, पूर्ण रेस देऊन तिसऱ्या गिअरमध्ये लांब ओढलं की इंजिनाच्या पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याची किंमत मोजतात.

वेबर या दुसऱ्या कंपनीचे कार्ब्युरेटर असणाऱ्यांसाठी जाता जाता: डीसीओई मॉडेल आणि बऱ्याच डाउनड्राफ्ट वेबरमध्ये फ्लोट चेंबरचा श्वास फिल्टरच्या आतल्या बाजूला असतो. तिथे फिल्टरने खाल्लेला दाब दोन्हीकडे सारखाच पडतो, त्यामुळे फिल्टर बदलल्याचा मिक्श्चरवर परिणाम कमी. अट एकच, नव्या फिल्टरची तळपत्री किंवा गॅस्केट त्या श्वासाच्या भोकावर बसता कामा नये.

आता मोजायचं कसं. पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, प्लायवूडच्या पट्टीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बसवा, मागे मिलिमीटरची पट्टी चिकटवा आणि नळीत रंगाचा थेंब टाकलेलं पाणी निम्म्यापर्यंत भरा. प्रत्येक पाय अर्ध्या मीटरचा तरी ठेवा, म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जायची भीती नको. एअर क्लीनरच्या डब्याला आतल्या बाजूला, म्हणजे फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये, तीन मिलिमीटरचं भोक पाडून एक टोक तिथे जोडा. भोक डबा काढूनच पाडा, लोखंडाचा भुरा कार्ब्युरेटरच्या तोंडात पडला तर मोजायचं काही उरणार नाही. नंतर रबरी बूच लावलं की काम झालं. मूळ डब्याला भोक पाडायचा जीव होत नसेल तर जुनी सुटी तळपत्री शोधा.

दुसरं टोक बहुतेक जण केबिनमध्ये उघडं सोडतात आणि फसतात. चालत्या गाडीत काचा उघड्या-बंद असण्याने केबिनमधला दाब बदलतो. ते टोकही बॉनेटखालीच, वाऱ्याच्या थेट झोतापासून दूर सोडा. इंजिनाच्या धक्क्यांनी पाणी नाचतं, आकडा वाचता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे नळीत एखादा जुना बारीक जेट खुपसून द्या, पाणी शांत बसतं. वाचताना दोन्ही पायांतल्या पातळ्यांमधला फरक धरा. एकाच पायातली वाढ बघितलीत तर निम्माच आकडा हाती येईल.

रोलिंग रोडवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या रोलरांवर, केलंत तर उत्तम; नाहीतर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर शेजारी वाचणारा माणूस बसवून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस, 5000 आरपीएमपर्यंत. तीन वेळा मोजा: आहे त्या फिल्टरसह, नव्या कोऱ्या कागदी फिल्टरसह, आणि फिल्टर काढून रिकाम्या डब्यासह. ही तिसरी फेरी एकदाच आणि धूळ नसताना. पहिल्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे जुन्या फिल्टरमधला मळ. दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक म्हणजे खुद्द फिल्टरचा कागद. आणि रिकाम्या डब्यावरही जो आकडा उरतो, तो डब्याच्या सोंडेचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीचा. मूळ इंजिनांवर माझ्या अनुभवात कागदाचा वाटा अगदीच किरकोळ निघतो. अडचण असलीच तर ती सोंडेत असते, आणि सोंड मोठी करता येते.

दुसरा मुद्दा हवेच्या तापमानाचा, आणि इथे कोन फिल्टर सपशेल हरतो. हवेची घनता केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात. बाहेर 30 अंश आणि बॉनेटखाली 60 अंश असेल तर घनता नऊ टक्क्यांनी कमी. ताकद अगदी तेवढीच पडत नाही, पण फिल्टर बदलून मिळवलेला एक टक्का त्यात कुठल्या कुठे वाहून जातो. शिवाय गरम हवेत नॉकिंगला आमंत्रण. उघडा कोन रेडिएटरच्या मागची, एक्झॉस्टवरून आलेली हवा ओढतो. म्हणजे तोंडावरचा रुमाल काढून धुराच्या खोलीत जाऊन उभं राहण्यासारखं. वायर असलेला स्वस्त डिजिटल थर्मामीटर फिल्टरच्या तोंडाशी बांधून एक चक्कर मारा. चालत्या गाडीत आणि ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर, दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवा. बाहेरच्या हवेपेक्षा फरक 10 अंशांच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर फिल्टरचा खर्च आधी हीट शील्डवर आणि पुढून थंड हवा आणणाऱ्या डक्टवर करा. उलट थंड, दमट हवेत कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरायची शक्यता असते, म्हणून काही मूळ डब्यांना उन्हाळा-हिवाळा अशी सोंड फिरवायची सोय असते. ती उगाच दिलेली नसते.

तिसरा मुद्दा तोंडाच्या आकाराचा. हा सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या आवडीचा. हवेला धारदार कड आवडत नाही. सपाट पत्र्यात धारदार कडेचं भोक असेल तर हवा कडेपासून सुटते, प्रवाह आत आकसतो आणि वेगाच्या दाबाच्या निम्मा दाब तिथेच वाया जातो. कड गोलाईची केली तर हाच तोटा पाच टक्क्यांच्या आत येतो. आणि पाइप नुसताच उघडा पुढे आलेला असेल, तर तोटा सपाट पत्र्याहूनही जास्त. मूळ डबे काढून स्वस्त पॅनकेक (चपटे गोल) फिल्टर लावणारे बहुतेकदा नेमकं हेच करतात: डब्याच्या तळपत्रीला कारखान्यात दिलेली गोलाई फेकून देतात आणि जागी सपाट पत्रा आणतात. तुमचे डबे उघडून तळपत्रीला तशी गोलाई आहे का ते बोट फिरवून बघा. नवे फिल्टर घेतलेच तर आत बसणारा छोटा तुतारीसारखा बेलमाउथ, ज्याला स्टब स्टॅक म्हणतात, तो जोडीने घ्या.

पण जागा मोजून. बेलमाउथच्या तोंडापासून फिल्टरच्या समोरच्या झाकणापर्यंत किमान कार्ब्युरेटरच्या बोअरइतकं अंतर हवं. एचएस4 चा बोअर दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटर. बाजारातले पातळ पॅनकेक बाहेरून 45 मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यात 20 मिलिमीटरचा स्टॅक घातला की झाकण अगदी तोंडावर येतं. मग स्टॅकचा फायदा राहतो बाजूला, उलट गळा आवळला जातो. फिल्टर खोल घ्या, आणि तो आतल्या मडगार्डला किंवा ब्रेकच्या सर्वोला घासत नाही ना हे इंजिन हलताना बघा.

एसयूवर आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. फिल्टर जिथे बोल्ट होतो त्या फ्लँजवर बोअरच्या वर बारीक भोकं असतात. पिस्टनच्या खालच्या बाजूला हवा त्यातून मिळते. गॅस्केट उलटं बसलं किंवा नव्या तळपत्रीला ती भोकं नसली, की पिस्टन नीट उचलला जात नाही आणि गाडी वरच्या रेसला गुदमरते. मग लोक टायमिंग, पॉइंट, पेट्रोल पंप सगळं तपासत बसतात. गॅस्केट आणि तळपत्री फ्लँजवर धरून उजेड आरपार दिसतो का, एवढंच बघायचं असतं.

आता राहिला तुमचा मूळ प्रश्न, कुठल्या कापडाचा. जाळीवाला आधी बाद करतो: तो खडे अडवतो, धूळ नाही. प्रदर्शनात बॉनेट उघडं ठेवायला छान. इंजिनाला खाणारे कण काही मायक्रॉनपासून वीसेक मायक्रॉनपर्यंतचे असतात, तेलाच्या थराच्या जाडीचे. जाळीला ते दिसतही नाहीत.

उरलेल्या तिघांत, म्हणजे कागद, सुती आणि फोममध्ये, जाहिरातीतल्या टक्केवारीकडे उलटं बघायची सवय लावा. एक फिल्टर 99.5 टक्के धूळ अडवतो, दुसरा 97 टक्के. वाचताना फरक अडीच टक्क्यांचा वाटतो. पण आत जाणारी धूळ अर्ध्या टक्क्याची तीन टक्के झाली, म्हणजे सहापट. विकणाऱ्याला विचारायचं ते हे, की आकडा आयएसओ 5011 या एअर फिल्टरच्या प्रमाणित चाचणीचा आहे का आणि चाचणीची धूळ बारीक होती की जाड. जाड धुळीवर कुठलाही फिल्टर देखणा आकडा देतो.

कागद धुळीसाठी सगळ्यात भरवशाचा, आणि थोडा मळला की आणखी बारीक गाळतो. मात्र ओलाव्याचा आणि पेट्रोलच्या फवाऱ्याचा त्याला त्रास होतो. सुती जाळीत खरं काम तेल करतं. तेल सुकलं की उरतो नुसता कपडा. धुताना आतून बाहेर हलक्या पाण्याने, सावलीत वाळवून, मग तेल जपून. कॉम्प्रेसरची हवा मारली की धागे फाकतात. फोम पाणी-चिखल छान सोसतो, खोलवर धूळ धरतो, पण त्याला म्हातारपण येतं. वर्षं उलटली की चिमटीत धरताच भुगा होतो, आणि तो भुगा कार्ब्युरेटरच्या तोंडासमोरच असतो. दर सर्व्हिसिंगला चिमटीने दाबून बघा. आणि फोम पेट्रोलने धुऊ नका. वेगळ्या कॅमच्या इंजिनात तोंडातून पेट्रोलचा फवारा उलटा येतो, फोम भिजतो, आणि एका बॅकफायरला पेट घेऊ शकतो. मूळ पत्र्याचा डबा ही आग थोपवायचंही काम करत असतो, हे डबा काढल्यावरच लक्षात येतं.

मापासाठी के अँड एन या फिल्टर कंपनीचं जुनं सूत्र सुती फिल्टरला चांगलं लागू पडतं: घन इंचांतली क्षमता गुणिले आरपीएम, भागिले 20839, म्हणजे चौरस इंचांत किमान क्षेत्रफळ. तुमच्या 110 घन इंचांना 5500 आरपीएमवर 29 चौरस इंच. गोल फिल्टरला परीघ गुणिले उंची धरायचा, पण उंचीतून आधी पाऊण इंच वजा करून, कारण वरखालच्या रबरी कडा हवा घेत नाहीत. सहा इंच व्यासाच्या, पावणेदोन इंच उंचीच्या दोन फिल्टरना मिळून 37 ते 38 चौरस इंच येतात. म्हणजे गाळणीचं क्षेत्रफळ छोट्या फिल्टरलाही पुरतं. कमी पडते ती आतली जागा. धुळीच्या भागात मी याच्या दुप्पट क्षेत्र घेईन, म्हणजे दोन साफसफायांमध्ये अडथळा हळू वाढतो आणि एसयूचं मिक्श्चर जागेवर राहतं.

ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारी नळी काही गाड्यांत एअर क्लीनरच्या डब्याला येते. डबा गेला की ती नळी कुठे न्यायची हे आधी ठरवा. बूच मारून बंद केलीत तर क्रँककेसमधला दाब सीलमधून तेल बाहेर फेकेल. आवाजाबद्दल एवढंच: ती गुरगुर पहिल्या दिवशी झकास वाटते, लांबच्या प्रवासात तिसऱ्या तासाला नकोशी होते.

तुमच्या जागी मी असतो तर इंजिन मूळ असेपर्यंत डबे ठेवले असते. आत नवे कागदी फिल्टर, कडेची रबरं नवी, सोंडेला थंड हवा. कॅम आणि हेड बदललंत तर खोल सुती किंवा खोल फोम, बेलमाउथ, हीट शील्ड, आणि मग रोलिंग रोडवर नीडल. फिल्टरच्या आतले बोल्ट लॉकटाइट लावूनच कसा. सुटलेला नट थेट घशात जातो.

नीडल लागेल का, हे फिल्टर बसवल्यावरच कळेल. आधी जेटच्या नटाने आयडलिंगचं मिक्श्चर लावा. नट खाली नेला की रिच. मग लॅम्डा मीटर लावून हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण पूर्ण रेसला 12.5 ते 13 आणि आरामात चालताना 14 ते 15 येतंय का बघा. तळाला नीट आणि वर लीन असेल तर नटाने भागणार नाही, वरच्या टप्प्यांवर बारीक असलेली नीडल हवी. सगळीकडेच सारखं लीन असेल तर आधी नटच एखाद-दोन फ्लॅट खाली घ्या. सध्याच्या नीडलवरची खूण दांड्याच्या वरच्या भागावर कोरलेली असते, भिंग लावल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही कार्ब्युरेटरमध्ये एकच नीडल आहे का तेही बघा. जुन्या गाड्यांत दोन वेगळ्या सापडणं नवलाचं नाही. ती खूण, पाण्याच्या नळीचे तीन आकडे आणि फिल्टरच्या तोंडाचं तापमान कळवा, मग पहिली कुठली नीडल लावून बघायची ते सांगतो.